तटस्थ मैदान कुणापासून किती मैल?

पत्र

ताई, नमस्कार. चौदा वर्षांपूर्वी पुण्याहून इथे मिडवेस्टात आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आता मुलगा अकरावीत आहे आणि शाळेच्या संघाचा किकर, म्हणजे लाथेनं चेंडू गोलपोस्टमधून मारणारा, आहे. धाकटी नववीत, मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. शुक्रवारची संध्याकाळ आमच्या घरी सणासारखी असते. यंदा संघ प्लेऑफच्या, म्हणजे बाद सामन्यांच्या, तिसऱ्या फेरीत पोचला. त्या फेरीपासून सामने तटस्थ मैदानावर होतात. शालेय खेळांच्या राज्य संघटनेनं दिलेलं मैदान समोरच्या शाळेपासून १२ मैल आणि आमच्यापासून ८२ मैल. साध्या गवताचं, त्यात दोन दिवस पाऊस झालेला. आम्ही दोन गुणांनी हरलो. शेवटच्या मिनिटाला माझ्या मुलाची ३४ यार्डांची किक चुकली. ‘पाय घसरला’ एवढंच म्हणाला, त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. बूस्टर क्लबचे (संघाला मदत करणाऱ्या मंडळाचे) पालक म्हणतात, तू हिशेबात पक्की आहेस, संघटनेला पत्र तूच लिही. मला चिखलाचे फोटो आणि त्या किकचा व्हिडिओ जोडायचा आहे. नवरा म्हणतो, खेळ आहे, सोडून दे. दोन वर्षांपूर्वी याच फेरीत किती मजा आली होती! मैदान घरापासून पंधरा मिनिटांवर, सगळं गाव लोटलं होतं. यंदाच्या मुलांच्या वाट्याला हे का? हा अन्याय नाही का? आणि पत्रात नेमकं काय लिहू?

— एक आई

उत्तर

नमस्कार.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. ते टाळून पुढे गेले तर बाकीचं सगळं नुसता उपदेश वाटेल. हो, तुमच्या मुलांना त्या रात्री समोरच्यांपेक्षा जास्त ओझं घेऊन खेळावं लागलं. ‘खेळ आहे, सोडून दे’ हे घरी बसून म्हणता येतं. ८२ मैल म्हणजे पिवळ्या स्कूल बसमध्ये पावणेदोन तास. त्या बसची बाकं लहान मुलांच्या मापाची असतात, आणि त्यांवर सहा-सव्वासहा फुटी मुलं गुडघे पोटाशी घेऊन बसतात. शेवटचे तास बुडवून निघायचं, चार वाजता थंड सँडविच खायचं, अनोळखी लॉकर रूममध्ये निम्म्यांनी उभ्यानं कपडे बदलायचे. समोरची मुलं मात्र घरचं खाऊन, रोजच्या रस्त्यानं वीस मिनिटांत येतात. बँडचं तर कुणी मोजतच नाही. शंभरेक मुलं, वाद्यांचा ट्रक, परतीला मध्यरात्र. नोव्हेंबरच्या थंडीत क्लॅरिनेटचा सूर कसा खाली उतरतो ते धाकटीला विचारा, ती सांगेल.

तरीही ८२ आणि १२ या आकड्यांवर तुमचा जेवढा राग आहे तेवढा माझा नाही. माझा राग तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन शब्दांवर आहे: ‘साध्या गवताचं’. शाळेच्या फुटबॉलमध्ये किकरला दोन इंचांपर्यंतचा ठोकळा ठेवून चेंडू मारायची मुभा आहे. त्यामुळे चेंडू चिखलाच्या वर राहतो. पण ज्या पायावर सगळं अंग तोलून मारायचं, त्या उभ्या पायाखाली ठोकळा नसतो. वर्षभर कृत्रिम टर्फवर सराव केलेल्या मुलाला त्या पायाचा भरवसा वाटत असतो, आणि चिखलात तोच पाय दगा देतो. कुणी म्हणेल, चिखल दोघांनाही सारखाच होता. मला हे पटत नाही. चेंडू पोटाशी धरून मधोमध घुसणाऱ्या संघाचं चिखलात फारसं बिघडत नाही. लांब पास आणि किकवर जगणाऱ्या संघाचा अर्धा खेळ चिखल खाऊन टाकतो. मैल दोन्ही बाजूंना मोजता येतात म्हणून भांडण मैलांवर होतं. जमिनीबद्दल कुणी बोलत नाही, आणि तिथेच सामना फिरतो.

आता ‘तटस्थ’ या शब्दाकडे वळू. बहुतेक पालकांच्या मनात त्याचा अर्थ ‘दोघांच्या बरोबर मधोमध’ असा असतो. तुमचं राज्य मी इथे लिहीत नाही, त्यामुळे शेजारच्या ओहायोचं उदाहरण घेते. तिथली रचना मला चांगली माहीत आहे आणि मराठी घरंही तिथे पुष्कळ आहेत. ओहायोत शाळांचे सात गट आहेत आणि प्रत्येक गटाचे चार विभाग. २०२१ ते २०२४ प्रत्येक विभागातून सोळा संघ प्लेऑफला जात होते, २०२५ पासून बारा जातात. सुरुवातीच्या दोन फेऱ्यांमध्ये वरच्या क्रमांकाच्या शाळेला घरचं मैदान मिळतं, त्यापुढे तटस्थ. समजा कोलंबसच्या उत्तरेची एक शाळा आणि टोलेडोची एक शाळा समोरासमोर आल्या. नकाशा उघडा. टोलेडोच्या बाजूला फिंडलेचं डॉनेल स्टेडियम, पण ते टोलेडोपासून पन्नासेक मैल आणि कोलंबसहून नव्वदच्या आसपास. कोलंबसच्या बाजूला मॅरियनचं हार्डिंग स्टेडियम घेतलं तर तोच हिशेब उलटा होतो. बरोबर मधोमध अप्पर सँडस्की आणि कॅरी ही छोटी गावं, आणि त्यांच्या भोवती मक्याची आणि सोयाबीनची शेतं. हजारो माणसं बसतील, दोन बँड मावतील, शंभर गाड्यांचं पार्किंग होईल, असं मैदान पट्टीनं आखलेल्या मध्यबिंदूवर उगवत नाही. शिवाय मैदान कुणीतरी द्यावं लागतं. दिवे, रुग्णवाहिका, तिकीट खिडकी आणि चाळीस-पन्नास स्वयंसेवक उभे करायला तयार असलेली शाळा लागते. संघ ठरतात शुक्रवारी रात्री आणि सामना असतो पुढच्या शुक्रवारी.

म्हणून तुमच्या पत्रात ‘मध्यबिंदू’ हा शब्द आला तर ते पत्र वाचणारा माणूस मनात म्हणेल, यांना काम माहीत नाही. आणि कागद बाजूला ठेवेल.

आपल्याकडचा एक अनुभव सांगते, क्रिकेटचा आहे. २०१६-१७च्या मोसमात बीसीसीआयनं रणजी करंडकाचे सगळे सामने तटस्थ मैदानांवर घेतले. हेतू चांगला होता. यजमान संघ स्वतःला सोयीच्या खेळपट्ट्या बनवून घेतात ही जुनी तक्रार होती. त्याच मोसमात महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली हा सामना वानखेडेवर झाला. कागदावर मैदान पूर्ण तटस्थ, कारण वानखेडे मुंबईच्या संघाचं, महाराष्ट्राच्या नव्हे. पण पुण्याहून ते दीडशे किलोमीटर आणि दिल्लीहून चौदाशेच्या घरात. स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, तिसऱ्या विकेटसाठी ५९४ धावांची न तुटलेली भागीदारी, रणजीच्या इतिहासातली तोवरची सगळ्यांत मोठी. मग दिल्लीकडून ऋषभ पंतनं ३०८ काढल्या आणि सामना अनिर्णित राहिला. कुणाला जवळचं मैदान मिळालं याची ओरड त्या सामन्यानंतर झाल्याचं मला आठवत नाही. खेळपट्टी दोघांना सारखी होती, तेवढ्यात सगळ्यांचं समाधान झालं. ओरड दुसऱ्याच गोष्टींची झाली. घरच्या प्रेक्षकांना आपला संघ दिसेना, संघ देशभर फिरत राहिले, आणि त्या नोव्हेंबरात दिल्लीतल्या विषारी धुक्यानं दोन सामने एकही चेंडू न टाकता रद्द करावे लागले. त्यांतला एकही दिल्लीच्या संघाचा नव्हता. पुढच्याच मोसमात घर आणि बाहेर ही जुनी पद्धत परत आली.

या प्रयोगातून मी एवढंच घेतलं की मैदान तटस्थ केल्यानं सामना आपोआप न्याय्य होत नाही. तटस्थतेची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजतात खेळाडू आणि त्यांना पाहायला येणारी माणसं.

मग न्याय्य म्हणायचं कशाला? मी कोल्हापूरची. आमचं फुटबॉल पायानं खेळायचं, पेठांतल्या तालमींचं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, सगळ्यांचे सामने शाहू स्टेडियमवर. एखादी तालीम तिथून जवळ, एखादी लांब, पण मोसम सुरू होण्याआधीच प्रत्येकाला माहीत असतं की खेळायचं तिथेच. हरलेली माणसं रात्रभर कट्ट्यावर बसून पंचांवर बोलतात, नशिबावर बोलतात. मैदानाच्या निवडीवर बोलताना मी लहानपणापासून कुणाला ऐकलं नाही. समोर कोण येणार हे कळायच्या आत जागा ठरलेली असते, म्हणून त्या निवडीत कुणाचा हात दिसत नाही.

अमेरिकेतल्या अंतिम सामन्यांचंही तसंच आहे. टेक्सासचे अंतिम सामने अर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियमवर होतात. तिथे २०१८ ते २०२३ या सहा मोसमांत पाच वेळा सर्वांत मोठ्या गटाच्या अंतिम सामन्यात डंकनव्हिल आणि नॉर्थ शोअर याच दोन शाळा समोरासमोर आल्या. डंकनव्हिल तिथून वीसेक मैल. नॉर्थ शोअर ह्यूस्टनची, अडीचशे मैलांच्या आसपास. पहिले तीन सामने दूरच्या शाळेनं जिंकले, पुढचे दोन जवळच्या शाळेनं. ओहायोत २०२३ सालच्या एका अंतिम सामन्यात मॅसिलन गावाच्या शाळेनं एक्रनच्या होबन शाळेला ७-२ असं हरवलं ते कँटनच्या मैदानावर, मॅसिलनपासून जेमतेम आठ-नऊ मैलांवर. सिनसिनाटीची एखादी शाळा अंतिम फेरीत आली तर तिला त्याच मैदानासाठी दोनशे मैलांहून जास्त प्रवास. तरी ते सहन होतं, कारण हे मॅसिलनला पाहून कुणी ठरवलेलं नाही. (मध्यंतरी २०१४ ते २०१६ ओहायोनं अंतिम सामने राज्याच्या पोटात, कोलंबसच्या विद्यापीठ स्टेडियमवर नेले होते. नकाशावर त्याहून न्याय्य जागा नव्हती. पण एक लाखाहून अधिक क्षमतेच्या त्या स्टेडियममध्ये शाळेच्या सामन्याची गर्दी हरवून जाते. २०१७ पासून ते परत कँटनला आले.)

तुमच्या तिसऱ्या फेरीची अडचण अशी की तिथे ठिकाण आधी ठरवता येत नाही, कारण कोण कुणाशी खेळणार तेच माहीत नसतं. ठिकाण नसेल ठरवता येत, पण ठिकाण निवडायचा नियम आधी ठरवता येतो. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण विभागात तो अगदी साधा आहे. पहिली फेरी झाली की ज्या संघानं त्या प्लेऑफमध्ये घरी कमी सामने खेळले, त्याला घरचं मैदान. दोघांचे सारखे असतील तर नाणेफेक. टेक्सासात परंपरेनं दोन कोच आपसांत बोलतात, तटस्थ मैदान घ्यायचं की घरच्या मैदानासाठी नाणं उडवायचं ते ठरवतात. मला स्वतःला टेक्सासची पद्धत तितकीशी आवडत नाही. तिथे बोलण्यात हुशार असलेल्या कोचला झुकतं माप मिळतं. पण तिच्यात एक मोठेपणा आहे. नाणं तुमच्या समोर उडतं, आणि हरलात तर कशात हरलात ते त्याच क्षणी कळतं. तुमच्या मुलांना १२ आणि ८२ हे आकडे मिळाले आणि त्यामागे काय होतं ते मात्र कुणी सांगितलं नाही. कदाचित जवळची दोन मैदानं त्या रात्री मिळत नसतील. कदाचित एका शाळेनं ऐन वेळी नकार दिला असेल. कारण असेलही, पण ते न सांगितलेलं कारण आहे, आणि न सांगितलेल्या कारणाच्या जागी माणसं आपापला संशय भरतात.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘दोन वर्षांपूर्वी याच फेरीत किती मजा आली होती! मैदान घरापासून पंधरा मिनिटांवर, सगळं गाव लोटलं होतं.’ याच फेरीत, म्हणजे तेही तटस्थ मैदानच. त्या रात्री समोरची मुलं किती मैल बसमध्ये बसून आली होती? त्यांच्या बँडमधल्या मुली किती वाजता घरी पोचल्या? तुम्हाला माहीत नसणार, आणि मी तुम्हाला दोष देत नाही. जिंकलेल्या रात्री आपण पार्किंगमध्ये मिठ्या मारत असतो, समोरच्यांच्या बसचा पत्ता कोण विचारतो? पण संघटनेच्या कार्यालयात तुमचं पत्र उघडणाऱ्या माणसाला ते माहीत असेल. जुनी फाइल त्याच्याच कपाटात आहे. तो पहिली गोष्ट तीच काढेल, आणि तुमची सगळी बाजू एका ओळीत संपेल.

म्हणून ती ओळ तुम्हीच आधी लिहा. तुम्ही हिशेबात पक्क्या आहात असं मंडळी म्हणतात ना, मग एक तक्ता करा. तुमच्या विभागातले गेल्या दहा वर्षांचे तटस्थ मैदानावरचे सगळे सामने घ्या. दोन्ही शाळांचं अंतर, मैदान टर्फचं की गवताचं, प्रेक्षकांच्या जागा किती. जुन्या स्थानिक बातम्यांतून आणि कोचच्या वहीतून बहुतेक सगळं निघेल. तुमच्या शाळेला फायदा झालेले सामने वेगळ्या रंगानं दाखवा, आणि ते तक्त्याच्या पहिल्या पानावर असू द्या. बूस्टर क्लबमध्ये काहीजण नाक मुरडतील, आपल्याच विरुद्ध पुरावा कशाला द्यायचा म्हणतील. त्यांना हा तक्ता शांतपणे दाखवा. कदाचित आकडे सांगतील की अंतराचा तोल आज ना उद्या सगळ्यांकडे सारखा झुकतो. कदाचित सांगतील की ठरावीक दोन-तीन शाळाच वर्षानुवर्षं दूर जातायत. दुसरं निघालं तर तुमच्या हातात तुमच्या मुलाच्या किकपेक्षा फार मोठी गोष्ट आहे, आणि ती त्या शाळांच्या पालकांना बरोबर घेऊन मांडायला हवी.

मागणी काय करायची? माझं मत सांगते, तुम्ही तुमच्या आकड्यांवर घासून बघा. मोसम सुरू होण्याआधी, ऑगस्टमध्ये, मैदान द्यायला तयार असलेल्या शाळांची यादी जाहीर व्हावी. तटस्थ फेऱ्यांसाठी त्या यादीत फक्त कृत्रिम टर्फची मैदानं असावीत. यावर मी अजिबात मागे हटणार नाही, कारण नोव्हेंबरमधला पाऊस हा काही अपघात नाही, तो दर वर्षी येतो. लॉकर रूम दोन, आणि दोन्ही सारख्याच. पाहुण्यांच्या बाजूची बाकं यजमानांच्या निम्मी असलेलं मैदान यादीत नको. जोड्या ठरल्या की यादीतून असं मैदान निवडावं की दोन्ही शाळांच्या बसच्या वेळेतला फरक अर्ध्या तासाच्या आत राहील. मैल मोजू नका, वेळ मोजा, आणि तोही शुक्रवारी दुपारी चारचा. शहराच्या वळणरस्त्यावरचे पंचवीस मैल आणि शेतांमधल्या सरळ रस्त्यावरचे पंचवीस मैल एक नसतात. अर्धा तास हा माझा आकडा आहे. तुमच्या तक्त्यावर तो लावून बघा, दहातले आठ सामने त्यात बसत नसतील तर तो पाऊण तास करा.

आणि अशा अटींत बसणारं मैदानच मिळालं नाही तर? तिथे माझं मत अनेक पालकांना आवडत नाही. तर मग सरळ वरच्या क्रमांकाच्या शाळेला घरचं मैदान द्यावं. क्रमांक काही दान म्हणून मिळत नाही. ओहायोत १९७२पासून जॅक हार्बिन यांच्या गणितानं गुण मोजतात. तुम्ही कुणाला हरवलंत, आणि ज्यांना हरवलंत त्यांनी मोसमात किती सामने जिंकले, दोन्ही त्यात धरलं जातं. असं काही गणित दहा आठवडे सगळ्यांना दिसत असेल तर घरचं मैदान कमावता येतं, आणि कमावलेल्या गोष्टीचा हेवा वाटला तरी चीड येत नाही. तटस्थ म्हणायचं आणि एका संघाच्या अंगणात खेळवायचं, त्यापेक्षा घर उघडपणे घर म्हणून द्यावं. लांबून येणारा संघ निदान मनाची तयारी करून तरी निघेल.

शेवटची मागणी छोटी आहे पण ती सोडू नका. मैदान जाहीर करताना त्याखाली दोन ओळींचं कारण छापावं. ‘अमुक दोन मैदानं उपलब्ध नव्हती, म्हणून हे.’ बस. याला पैसा लागत नाही, नवा कर्मचारी लागत नाही. माझ्या अंदाजानं संघटना तुमच्या सगळ्या मागण्यांमधून हीच आधी मान्य करेल, आणि पुढच्या नोव्हेंबरमध्ये सर्वांत जास्त फरकही हिनंच पडेल.

हे पत्र थेट संघटनेला पाठवू नका. पालकाला तिथे मत नसतं. मत असतं सदस्य शाळांना. ओहायोत दर मे महिन्यात शाळांचे मुख्याध्यापक नियमबदलांवर मतदान करतात, तुमच्याकडेही अशी काही वाट असेलच. आधी तुमच्या शाळेच्या अॅथलेटिक डायरेक्टरशी, म्हणजे खेळांच्या प्रमुखांशी, बसा, त्यांच्याकडून मुख्याध्यापकांकडे, आणि जमलं तर कोचमार्फत राज्यातल्या फुटबॉल प्रशिक्षकांच्या संघटनेकडे. कोच मंडळींचा शब्द अशा बाबतीत वजनदार असतो. आणि आत्ता नको, जानेवारीनंतर. नोव्हेंबरमध्ये आलेलं पत्र हरलेल्यांचं म्हणून वाचलं जातं. जमलं तर त्यावर पहिली सही त्या शाळेच्या पालकांची घ्या जी दोन वर्षांपूर्वी लांबून तुमच्या दाराशी येऊन हरली. त्यांना शोधणं अवघड नाही. फोन करा, सांगा की त्या रात्री आमच्या लक्षात आलं नव्हतं.

आता त्या व्हिडिओचं.

तो जोडू नका. चिखलाचे फोटो हवे तर जोडा, पण रिकाम्या मैदानाचे. मुलाचं नाव, त्याची किक, तो क्षण, यातलं काहीही त्या पाकिटात जाऊ नये. सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं हजारो माणसांसमोर एक गोष्ट चुकवली आहे. त्याला ती गोष्ट अजून नीट हातात धरता आलेली नाही, म्हणून तो गप्प आहे. ‘पाय घसरला’ हे तो खरं तेच बोलला, आणि तिथेच थांबला. मैदान वाईट होतं असं तो म्हणाला नाही. हे म्हणताय तुम्ही. तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी ते त्याच्या तोंडून आलेलं नाही, आणि त्याच्या वतीनं ते एकदा कागदावर गेलं की पुढच्या मोसमात प्रत्येक किकच्या वेळी तो ‘ज्याच्या आईनं पत्र लिहिलं तो मुलगा’ असेल. त्याला न विचारता हे त्याच्यावर लादू नका. पत्र लिहिणार आहात हे त्याला आधी सांगा, तक्ता दाखवा, आणि तो नको म्हणाला तर सही बूस्टर क्लबच्या दुसऱ्या कुणाची असू द्या. मुद्दे तेच राहतील.

तुमच्या यजमानांचं ‘सोडून दे’ मला पत्रापुरतं पटत नाही, पण मुलापुरतं त्यात थोडं तथ्य आहे. घरात त्या सामन्याचा विषय तुम्ही काढू नका. तो काढेल, बहुधा गाडीत, तुमच्याकडे न बघता. तेव्हा मैदानावर खापर फोडायची घाई करू नका. मैदानाचा दोष होता असं तुम्ही म्हणालात की त्याचं पुढचं वाक्य घशातच राहील. ऐकून घ्या, आणि मग हवं तर विचारा, ओल्या गवतावर उभा पाय कसा रोवायचा हे कोचनं कधी शिकवलंय का.

कारण पुढच्या वर्षी तो बारावीत असेल, आणि संघटनेनं तुमचं सगळं ऐकलं तरी एखादं मैदान गवताचं निघेलच. एप्रिलमध्ये पाऊस पडून गेलेल्या एखाद्या सकाळी जवळच्या पार्कमधला साध्या गवताचा तुकडा शोधा. गोलपोस्ट नसले तरी चालेल, दोन झाडांच्या मधली जागा पुरते. दोन इंचांचा ठोकळा, चार चेंडू, लांब खुट्ट्यांचे बूट. किक तो मारेल. मारलेले चेंडू पळत जाऊन आणून द्यायला मात्र एक माणूस लागतं, आणि ते काम, माझं ऐकाल तर, तुम्ही घ्या.